रविवारचा पास

सागरच्या सहीला तीन दिवस उरले होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

सागर माझ्या बहिणीचा, सुनंदाचा मुलगा. वय एकतीस, इलेक्ट्रिशियन. बहारीनमध्ये त्याला सात वर्षं झाली, मला एकोणीस. बुसैतीनला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत तो आणि त्याची बायको रुपाली, बाहेरच्या खोलीत मी. लागोसच्या एका कारखान्याने त्याला सुपरवायझर म्हणून बोलावलं होतं. गुरुवारी दुपारी एकपर्यंत एजंटाच्या ऑफिसात जाऊन सही करायची. सही झाली की इथला व्हिसा कॅन्सल. मग नको वाटलं तरी मागे फिरायला जागा नाही.

नोकरी चांगली होती. नुसत्या नोकरीसाठी जात असता तर मी काही बोललो नसतो. पण तो माझ्या पत्रांमुळे जात होता.

तिशीत असताना मी तीन वर्षं लागोसला होतो. प्लास्टिकच्या बादल्या आणि टब बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. तिथून महिन्याला एक पत्र घरी जायचं. सुनंदाने ती सगळी पत्रं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली. सागर लहान असताना त्याला भरवताना ती वाचून दाखवायची. तो वाचायला लागल्यावर त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. पाढे पाठ नव्हते त्याचे, पण मामाचं लागोस पाठ होतं.

सोमवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, त्या खाडीवरच्या पुलावर चालायला तास लागतो ना?"

"विसरलो रे."

"विसरलास कसा? चौथ्या पत्रात हाय. आणि शनिवारी लग्नात अख्खी गल्ली एकाच कापडाचे कपडे शिवते, ते? तू निळं शिवलं होतंस."

"असेल."

"त्यांना काय विचारताय?" रुपाली म्हणाली. "मामांना काल भाजी कसली होती ते आठवत नाय."

"भेंडी," मी म्हटलं.

"दोडका!"

सागर पोट धरून हसला. मी ताट घेऊन उठलो. अर्धी भाकरी तशीच होती, हे मोरीपाशी गेल्यावर कळलं.

मंगळवारी कामावर गेलो. अमवाजला एका इमारतीतल्या एसीचं काम माझ्याकडे असतं. तिथे चौथ्या मजल्यावर पुण्याच्या हेमाताई राहतात. त्यांच्या एसीचा आवाज येत होता. मी फिल्टर धुतला, पुन्हा बसवला, खाली येतो तर त्यांचा फोन. "मामा, आधी नुसता आवाज होता हो. आता सोफ्यावर पाणी पडतंय." पुन्हा वर गेलो. पाण्याची नळी जोडायचीच राहिली होती. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," म्हटलं. उतरताना लिफ्ट असून जिन्याने उतरलो.

संध्याकाळी घरी आलो तर सागर यायचा होता. रुपाली मुहर्रकला एका शिलाईच्या दुकानात काम करते, ती नुकतीच आली होती. मी खिडकीपाशी गेलो, दारापाशी आलो, पुन्हा खिडकीपाशी गेलो.

"मामा, बसा बघू. नायतर फरशी झिजेल आणि मालक आमच्याकडून भरून घेईल."

मी बसलो. तीही समोर बसली, हातात निवडायची मेथी घेऊन.

"एक विचारू? तुम्ही गावातल्या बैलाबद्दल बोलता, इथल्या उन्हाबद्दल बोलता, हेमाताईंच्या कुत्र्याबद्दल पण बोलता. लागोसबद्दल तुम्ही स्वतःहून कधी एक शब्द बोलला नाहीत. ह्यांनी विचारलं की तुम्हाला आठवत नाय. का?"

माझ्या आत तीस वर्षं जे अडकलेलं होतं, ते तिच्या मेथीच्या ढिगाकडे बघता बघता बाहेर पडलं. "रुपाली, ती पत्रं मी लिहिली नाहीत. मला कुठे तेव्हा लिहिता येत होतं? गुरव लिहायचा."

गुरव आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर. राजापूरकडचा, बारावी झालेला, गावात नाटकं करायचा. कारखान्यात आम्ही कोकणातले अकरा जण होतो आणि अकराही जणांची पत्रं गुरव लिहायचा. मी सांगायचो, जेवण बरं आहे, पाय दुखतो. गुरव म्हणायचा, हे काय पत्र आहे? ह्याने आईला झोप येईल का? मग तो पूल घालायचा, खाडीतल्या होड्या घालायचा, तळलेली केळी घालायचा, लग्नं घालायचा. कारखान्याच्या ड्रायव्हरांकडून त्याने ते ऐकलेलं असायचं. लिहून झालं की मला वाचून दाखवायचा. आणि मी हसून म्हणायचो, पाठव.

"म्हणजे सगळं खोटं?"

"खोटं नसेल. पूल असेल, होड्याही असतील. मला ठाऊक नाही. मी लागोस पाहिलंच नाही."

तिचा हात थांबला.

"तीन वर्षं तिथे होतात ना?"

"कंपाउंडमध्ये होतो. भिंत होती, भिंतीच्या आत आमच्या खोल्या. सकाळी बस यायची आणि थेट कारखान्याच्या आवारात सोडायची. संध्याकाळी परत. बसला पडदे होते. एवढं मोठं शहर, बाहेर सगळं चाललेलं ऐकू यायचं. हॉर्न, गाणी, भांडणं, बायकांचं हसणं. आवाजावरून ते शहर मला आवडायचं. पण पाहिलं म्हणशील तर विमानतळ."

रुपालीने मेथी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हे ह्यांना सांगा. सहीच्या आधी. मी सांगितलं तर म्हणतील, बायकोला नवरा लांब जायला नको म्हणून बोलते."

"सांगतो."

"आज."

"सांगतो गो."

त्या दिवशी सागर आला तो मित्राची बॅग उसनी घेऊनच. बुधवारी जेवताना मी तोंड उघडलं, सागर माझ्याकडे बघायला लागला आणि मी म्हणालो, "मीठ दे." रुपालीने मिठाची बरणी माझ्यासमोर अशी आपटली की झाकण उडालं. नंतर सुनंदाचा फोन आला. ती सागरला सांगत होती, तिथे गेल्यावर मामाचं ते निळं कापड कुठे मिळतं बघ, मला पाठव. मी जिना उतरून रस्त्यावर गेलो आणि बेकरीपर्यंत चालून परत आलो. परत दोनदा गेलो.

गुरुवारी सागरने मित्राची पिकअप घेतली. मी म्हटलं, मी येतो. शहराकडे जाणाऱ्या पुलावर गाडी चढली तेव्हा ठरवलं, पूल संपायच्या आत सांगायचं. पूल संपला. पार्किंग मिळेना म्हणून तीन फेऱ्या झाल्या. त्या फेऱ्यांतही तीनदा सांगायचं ठरवलं. बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या गल्लीत सोन्याच्या दुकानावर पहिला मजला, तिथे ऑफिस. आत ताहिर नावाचा माणूस बसला होता, पेशावरचा, बोलण्यात गोड. त्याने चहा मागवला आणि कागद सागरपुढे सरकवले.

"यल्ला भाई, यहाँ, यहाँ और यहाँ."

सागरने पेन उचललं.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"ती पत्रं मी लिहिली नाहीत."

उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. गुरव, बस, पडदे, भिंत. ताहिरला मराठी कळत नव्हतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा सागरकडे बघत होता. "मामू नाराज हैं क्या?" त्याने विचारलं.

सागरचा चेहरा लाल झाला होता. "निळं कापड?"

"नाही शिवलं."

"होडीत बसून समोरच्या बेटावर गेला होतास. भर समुद्रात टोपी उडाली."

"माझ्याकडे टोपीच नव्हती रे."

"मी शाळेत त्यावर निबंध लिहिलाय! बाईंनी वर्गात वाचून दाखवला! आणि हे तू आज सांगतोयस? आता? इथे?"

"सोमवारपासून सांगतोय."

"मीठ मागत होतास तू!"

मला खाली बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. तो थोडा वेळ पेनचं टोपण उघडत, लावत राहिला. मग हळू आवाजात विचारलं, "तीन वर्षांत एकदा पण सोडलं नाय बाहेर? कैदी होतास काय?"

इथपर्यंत सांगून मी थांबू शकलो असतो. रुपालीलाही मी एवढंच सांगितलं होतं. पण तो विचारत होता आणि समोर कागद होता.

"रविवारी पास मिळायचा," मी म्हटलं. "सकाळी आठ ते सहा."

"मग?"

"मी घेतला नाही."

"एकदा पण?"

"एकदा पण."

"का?"

"मला पाटी वाचता येत नव्हती, सागर. आपली नाही, तर तिथली कुठली येणार? वाट चुकलो तर कुणाला काय सांगू, मला कुठे सोडा म्हणून? कंपाउंडचं नावसुद्धा धड बोलता यायचं नाही. बाकीचे जायचे. गुरव जायचा, बाजारातून केळी आणायचा. मला म्हणायचा, चल बाळाजी, मी आहे ना. मी म्हणायचो, पाय दुखतोय. दर रविवारी माझा पाय दुखायचा."

ताहिरने चहाचा कप माझ्यापुढे केला. मी घेतला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"आणि इथे?" सागर म्हणाला. "आता येतं तुला वाचता. पन्नाशीत शिकलास, इथेच. तरी एकोणीस वर्षांत काय बघितलंस? बुसैतीन, अमवाज, बुसैतीन. मी शंभरदा म्हटलं, चल मामा, जुना किल्ला बघू. तुझा पाय दुखतो."

मी समजत होतो, मी त्याला लागोसबद्दल सांगायला आलोय.

तो कागदांकडे वळला. आधी नुसत्या सहीच्या जागा बघत होता, आता पहिल्या पानापासून वाचायला लागला. बोट ओळीखाली ठेवून. ताहिरने घड्याळ बघितलं. "भाई, एक बजे लिस्ट बंद. खलास."

"दो मिनट," सागर म्हणाला. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं. "छुट्टी के दिन बाहर जाने का पास. ये पक्का है? लिखा है इधर."

"लिखा है तो मिलेगा."

"रहना कंपाउंड में ही?"

"पहला साल. उसके बाद बाहर रूम ले सकते हो, फॅमिली ला सकते हो. पेज पाँच."

सागरने पान पाच वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग फोन काढून दोन्ही पानांचे फोटो रुपालीला पाठवले. खाली गल्लीत कुणीतरी शटर ओढत होतं. एकला दहा मिनिटं असताना तिचा फोन आला. सागरने ऐकून घेतलं. मधे एकदा, "होय, सांगितलं त्यांनी, आत्ता," एवढं म्हणाला. मग फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कंपाउंडमध्ये वर्षाच्या वर एक दिवस गेला तर ती स्वतः येऊन मला ओढत बाहेर काढेल."

त्याने सह्या केल्या. इथे, इथे आणि इथे. त्याला अडवायला आलो होतो की नुसतं सांगायला, हे मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं, आजही नाही.

जिना उतरून आम्ही गल्लीत आलो. ऊन डोक्यावर होतं. सागर माझ्याशी न बोलता पुढे चालत होता. पिकअपपाशी पोचल्यावर त्याने दार उघडलं नाही. फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"हे काय?"

"आई हाय. तिला तू सांगायचं. मी नाय सांगणार."

"घरी गेल्यावर सांगतो."

"आत्ता."

फोन वाजत होता. तिकडे दुपारचे साडेतीन झाले असतील. सागर गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. मी दोन पावलं इकडे गेलो, दोन पावलं तिकडे. गाडीचा पत्रा तापला होता, टेकायची सोय नव्हती.

"हॅलो," सुनंदा म्हणाली. "झाली का रे सही?"

"झाली. मी बाळाजी बोलतोय."

"बरं झालं बाई. बोल, आडवी झालेय जरा, ऐकतेय."

"सुनंदा," मी म्हणालो, "उठून बस."