घोट्यावरचा वळ

सुलक्षणानं लेकीच्या पायातला पैंजण वर सारला आणि तो पाय फुलाबाईंच्या डोळ्यांपुढं धरला. घोट्याभोवती लाल वळ होता, दोरीनं आवळल्यासारखा. दुसऱ्या पायालाही तसाच.

“पोरीला बांधून ठेवता व्हय तुमी हितं?”

पाळणाघराच्या ओट्यावरची मुलं खेळ थांबवून बघायला लागली. फुलाबाईंनी त्यांना हातानंच आत जायला खुणावलं.

आदल्या संध्याकाळी आंघोळ घालताना वळ दिसला तेव्हा सुलक्षणाला संताप आला होता आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. वरवे गावाजवळच्या कंपनीत पॅकिंगला लागल्यापासून ती हे सोसत होती. शिवू सकाळी फुलाबाईंकडं झेपावायची, संध्याकाळी आईला बघून त्यांच्याच पदरात तोंड लपवायची. त्यांना फुलाआई म्हणायची. “माय मरो, मावशी जगो!” सासू गमतीनं म्हणायची. सुलक्षणाही हसायची आणि आतून जळायची. दिवाळीत मुद्दाम भोरला जाऊन तिनं घुंगरांचे पैंजण आणले ते त्यापायीच. निदान ते वाजवत पोर आपल्याकडं धावत येईल, असं तिला वाटलं होतं. आज एकदाची फुलाबाईंची चूक हाती लागली होती. ती सोडणार नव्हती.

“बोला की. का बांधता?”

“बांधत न्हाई, ताई.” फुलाबाईंनी आवाज खाली आणला. “पैंजण काचत्यात तिला. झोपंत तर लईच. सकाळी तुमी गेला की काढून ठेवते, खोबरेल लावते. तुमी यायच्या आदी परत घालते.”

“मग मला सांगायचं न्हाई?”

“लई हौसेनं आणल्यात तुमी. कसं सांगायचं? अन् म्या म्हनलं, तुमालाबी रोज दिसत आसंल.”

सुलक्षणाला वळ कालच दिसला होता.

हायवेवर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. शिवू रोजच्या सवयीनं पायरीवर बसली आणि दोन्ही पाय पुढं करून वाट बघू लागली. फुलाबाई वाकल्या.

“थांबा,” सुलक्षणा म्हणाली. “मी काढते.”

पैंजणाची फिरकी तिच्या बोटांना लवकर सापडेना. शेवटी एक पैंजण निघाला. शिवूनं पाय मात्र तसाच वर धरून ठेवला.

“आता काय गं?”

“फुंकर मारावी लागती,” फुलाबाई हळूच म्हणाल्या.

सुलक्षणा गुडघ्यांवर बसली, वळावर फुंकर मारली. शिवू खुदकन हसली. किती दिवसांनी ती आपल्याकडं बघून हसली, असं सुलक्षणाला वाटलं आणि तिनं घाईनं दुसऱ्या पायाला हात घातला.

शिवूनं तो ओढून घेतला आणि फुलाबाईंपुढं केला.

“ह्यो फुलाआईचा.”