एका कार्डावर एक माणूस

आमच्या हँगरात परदेशातली विमानं दुरुस्तीले येतात. त्या देशांचा नियम लय कडक. एका कार्डावर एकच माणूस आत. बिनाकार्डाचा कोणी विमानापर्यंत पोचला, तर त्याले आत घेणाऱ्याची नोकरी गेली समजा. हा नियम मले वामनरावांनीच शिकवला. पाना धरायचा कसा, तेही त्यांनीच शिकवलं. मागच्या महिन्यात ते रिटायर झाले तेव्हा मी लेकरासारखा रडलो.

मंगळवारी सकाळी मी गेटाले कार्ड लावलं, अन् मागून त्यांचा आवाज आला. दोन्ही हातांत संत्रा बर्फीचे डबे. माह्या लेकीले, श्वेताले पोरगा झाला म्हणाले, साऱ्यांचं तोंड गोड करतो, गेट धर गा जरा. ज्या माणसापुढं मी कधी खुर्चीवर बसलो नाही, त्याले कार्ड मागू? मी गेट धरलं. वरून एक डबाही उचलून घेतला, हमाल कुठचा!

आत सिक्युरिटीचा साहेब वाटच पाहून राहिला होता. परदेशातून तपासणीवाले येणार, म्हणून कंपनीनं आधी आमचीच परीक्षा ठेवली, अन् त्यासाठी वामनरावांना बोलावलं. माझं कार्ड तिथंच काढून घेतलं. वामनराव खाली पाहत राहिले. आता दुसरीकडं अर्ज करतो, तर पहिला सवाल हाच, तिथून काहून काढलं?

रविवारी ते आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी आले. मी जाळीच्या दाराशी गेलो, पण कडी काढली नाही.

"तुह्यं नाव मीच सुचवलं होतं, संघपाल," ते म्हणाले. "साहेबाले सांगितलं, हा पोरगा मलेही अडवते. तू अडवलं असतं, तर सुपरवायझर झाला असता."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी मान दिला, तीच माझी चूक! अन् अडवलं असतं, तर सारं हँगर म्हणालं असतं, पाहा, गुरूले विसरला. श्वेताले खरंच पोरगा झाला का, मी विचारलं.

त्यांनी नुसता हातातला बर्फीचा डबा पुढं केला. माझी बायको दिपाली कडी काढाले पुढं झाली, मी तिचा हात धरला.

"कार्ड दाखवा, काकाजी."

त्यांचा हात सवयीनं छातीकडं गेला, जिथं इतकी वर्षं कार्ड लटकत होतं. तिथं काहीच नव्हतं. मले भरून आलं, पण कडी मी काढली नाही.