लाल आठ, लाल सात

मला गप्प बसवणं म्हणजे गॅसवरच्या कुकरला शिट्टी मारू नको म्हणून सांगणं, असं आई म्हणते. त्यामुळे रविवारी पाच तास मी एक शब्दही बोलायचा नाही असं नीलम मावशीने फर्मावलं, तेव्हा घरात सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, "जमेल."

"आणि पाय?" मावशीने विचारलं.

"पाय काय बोलतात का?"

"तुझे बोलतात."

नीलम मावशी आईची धाकटी बहीण. वय तेहतीस, आणि अख्ख्या कन्नमवार नगरातली एकुलती एक प्रोफेशनल गोल्फर. आमच्या बिल्डिंगमधले काका अजून तिला विचारतात, "काय गं, हॉकी कशी चाललीय?" तिला गोल्फ आला आबांमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा, राजाराम. वाशीमकडून मुंबईत आले आणि मुलुंडला डोंगराखालच्या गोल्फ क्लबात माळी म्हणून लागले. तीस वर्षं त्यांनी तिथे गवत कापलं आणि रोज सकाळी ग्रीनवर, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवतावर, नवं भोक पाडलं. हो, रोज नवं. एकाच जागी भोक ठेवलं तर लोकांच्या पायांनी आजूबाजूचं गवत मरतं, म्हणून जुनं बुजवून दुसरीकडे पाडतात. मावशी लहानपणी त्यांच्यासोबत जायची आणि साहेब लोक यायच्या आत त्या ताज्या भोकात चेंडू ढकलायची. तिथून सुरू झालं सगळं.

आता त्याच क्लबात महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती आणि रविवार शेवटचा दिवस. मावशी जिंकली तर पाच वर्षं सगळ्या मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश. नाही जिंकली तर सोमवारी सकाळी सात वाजता पी.टी.ची टीचर, आणि तीसुद्धा माझ्याच शाळेत! दुसरी आली तरी पी.टी.च. हे तिनेच ठरवलं होतं, किती वर्षं थांबायचं म्हणून. आईने तर काळ्या दोरीची शिट्टी आणून टीव्हीजवळ ठेवलीसुद्धा होती. मावशी येता-जाता त्या शिट्टीकडे बघायची नाही. इतकी बघायची नाही की आम्हाला कळायचं.

क्लबाने बोर्ड धरायला शाळांतून मुलं मागवली होती, त्यात मी हात वर केला. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा हळूच "येस बाई" म्हणायचे. मग गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं आणि तेव्हापासून माझा हात आपोआप वर जातो. तीन जणींच्या प्रत्येक गटासोबत बोर्ड घेऊन एक जण चालतो. उंच काठी, तिच्यावर पाटी, पाटीवर तीन नावं, नावांपुढे आकड्यांचे पत्रे हुकाला अडकवलेले. प्रत्येक होलनंतर पत्रा बदलायचा. गोल्फ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: प्रत्येक होलला, म्हणजे चेंडू एकेका भोकात घालायला, फटके ठरलेले असतात. त्याहून कमी मारले की आकडा लाल. लाल आकडा जितका मोठा तितकी ती पुढे.

मला नेमका शेवटचा गट मिळाला. मावशीचा.

सकाळी बोर्डावर असं होतं: रेवती, लाल आठ. श्रुतिका, लाल चार. नीलम, लाल तीन. म्हणजे मावशी पाचने मागे.

"ऐक," मावशी ग्लोव्ह चढवत म्हणाली. "त्या पाटीची पाठ माझ्याकडे. सबंध दिवस. मला आकडा दिसला ना, तर घरी ये तू, बघतेच."

याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत तिने पंधराव्या होलला वर बघितलं, ती दोनने पुढे होती. बघितलं आणि तिचे हात थरथरायला लागले, स्पर्धा हातची गेली. तेव्हापासून ती आकडा बघत नाही आणि दुसरीचा चेंडूही बघत नाही. दुसरी मारत असली की ही टोपी नाकावर ओढून डोंगराकडे तोंड करून उभी. आणि तिची बॅग वाहणारे कोण? आबा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना बोर्ड म्हणजे नुसता पांढरा चौकोन दिसतो. म्हणजे आमच्या तिघांत आकडे ठाऊक असणारी एकटी मी. आणि मला बोलायला बंदी! माझी काय वाट लागली असेल, विचार करा.

तिसऱ्या होललाच मावशीचा चेंडू वाळूत गेला. एक फटका वाया. रेवतीने तिथेच एक कमावला. लाल नऊ, लाल दोन. सातचा फरक. मी बोर्ड जमिनीवर टेकवला आणि त्याच्या काठीला गाल लावून उभी राहिले. डोक्यात शिट्टी वाजायला लागली. मावशी शाळेच्या मैदानात ओरडतेय, "प्रियंका, रांगेत!" आणि मी तिला "टीचर" म्हणतेय.

मुलांवर लक्ष ठेवायला देवेश सर होते, गळ्यात वॉकीटॉकी. ते जवळ येऊन म्हणाले, "ए बाळा, बोर्ड वर. लोकांना दिसला पाहिजे."

पाचव्याला मावशीने लांबून पट घातला, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलला. सहाव्याला परत. मी दोन्हीदा पत्रा बदलला. आठव्याला रेवतीचा एक गेला, नवव्याला मावशीने आणखी एक कमावला. लाल आठ, लाल पाच. माझे पाय सुटले. मी चालत नव्हतेच, उड्या मारत होते. पाटीवरचे पत्रे खळखळ वाजत होते, आकाशवाणी असल्यासारखी मीच पुढे.

"काहून नाचतं गं पोरी?" आबा मागून म्हणाले.

मी ओठ मिटून मान हलवली.

"आबा, तिच्याशी बोलू नका," मावशी पुढे बघत म्हणाली. "तिला घाम येतोय."

अकरावा मावशीचा. तेरावाही मावशीचा. कुठूनशी माणसं जमायला लागली. आतापर्यंत आमच्यामागे पंधरा-वीस जण होते, त्यातले चार आमच्या बिल्डिंगचे. आता दोरीपलीकडे गर्दी. क्लबाचे जुने माळी कामं सोडून आले होते, कुणी आबांना लांबूनच "जय भीम, राजारामभाऊ" म्हणत होतं, आबा आवाजावरून ओळखून हात वर करत होते. चौदाव्याला रेवतीचा चेंडू झाडीत गेला. लाल सात, लाल सात. बरोबरी!

मी एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. काठी या हातातून त्या हातात. तहान लागली होती पण पाण्याची बाटली उघडायला हात मोकळा नव्हता, आणि मोकळा असता तरी बाटली उघडून सांडवली असती. पंधरावा तसाच गेला. सोळावा तसाच. हे लोक रोज असं कसं खेळतात, देवेश सरांना विचारावंसं वाटलं, पण बंदी.

सतराव्याला घोळ झाला. रेवती मारायला उभी राहिली. तिने खेळायची काठी मागे नेली आणि खळखळ. माझे पत्रे. तिने थांबून, वळून माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच विरघळले असते तर बरं झालं असतं.

देवेश सर दातओठ खात आले. "आता एकदा जरी वाजलं ना, तर बोर्ड काढून घेईन. दुसऱ्या मुलाला देईन. कळलं?"

मी मान हलवली. रेवती परत उभी राहिली, आणि काय मारला तिने! चेंडू भोकापासून हातभर अंतरावर. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्यामुळे तिचा फटका बिघडला असता तर मला जेवण गेलं नसतं. पण तिने तो पट घातला आणि मी पत्रा बदलला. रेवती, लाल आठ. नीलम, लाल सात.

मावशीने हे काहीच पाहिलं नव्हतं. ती डोंगराकडे तोंड करून उभी होती. टाळ्या ऐकल्या असतील, पण आज टाळ्या सगळ्यांनाच पडत होत्या.

अठरावा होल, शेवटचा. पाच फटक्यांचा, आणि ग्रीनच्या अलीकडे तळं. मोठा बोर्ड ग्रीनच्या पलीकडे तंबूजवळ, तोही आमच्याकडे पाठ करून. मावशीचा पहिला फटका झकास बसला. आता दोन रस्ते. तळ्याच्या अलीकडे चेंडू ठेवायचा, मग तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर. सगळे असंच करतात. नाहीतर एकाच दणक्यात तळ्यावरून थेट ग्रीनवर. पोचला तर दोन फटके कमवायची संधी. नाही पोचला तर पाण्यात, आणि पाण्यात म्हणजे सोमवार.

पुढे असेल किंवा बरोबरीत असेल तर अलीकडे ठेवणं शहाणपणाचं. मागे असेल तर तळ्यावरूनच मारायला हवं. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. फक्त ती मागे आहे की पुढे, हे तिला माहीत नव्हतं.

"काय करू, आबा?"

"जपून मार," आबा म्हणाले. "घाई नाही काही."

तिने छोटी काठी बाहेर काढली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मावशी, एकने मागे आहेस. एवढंच. नाहीतर बोर्ड नुसता वळवायचा, वारा आला म्हणायचं. कुणाला कळलं असतं? पण मी शब्द दिला होता. आणि दोन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरलेले मी टीव्हीवर पाहिले होते, या माझ्या डोळ्यांनी. परत थरथरले तर? माझ्यामुळे? आणि देवेश सर पाच पावलांवर, वॉकीटॉकी हातात. मी काठी दोन्ही हातांनी आवळली. गुडघे एकमेकांना चिकटवले. श्वाससुद्धा रोखला. एक पत्राही वाजला नाही. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा मी हलले नाही.

मावशी वळली. बोर्डाकडे नाही, खाली माझ्या बुटांकडे बघितलं. मग छोटी काठी बॅगेत परत टाकली.

"आबा, मोठी द्या. जाड डोक्याची."

"अगं, पण..."

"द्या ना."

आबांनी दिली. मला ओरडावंसं वाटलं. तिने मारला आणि चेंडू वर गेला, इतका वर की डोंगरासमोर दिसेनासा झाला. मी तळ्याकडे बघत बसले, पाणी उडतंय का. पाणी नाही उडलं. पलीकडून आधी एकच माणूस ओरडला, मग सगळे.

ग्रीनवर गेलो तेव्हा चेंडू भोकापासून वीस पावलांवर होता. रेवती आणि श्रुतिका दोघींनी जपून खेळलं होतं. रेवतीचा तिसरा फटकाही ग्रीनवर आला, पण मावशीचा चेंडू लांब, म्हणून आधी तिची पाळी. मावशी बसून, उठून, या बाजूने, त्या बाजूने बघत होती.

"डावीकडे वळेल," ती म्हणाली.

आबा चेंडूपासून भोकापर्यंत बाजूबाजूने हळूहळू चालत गेले. त्यांचे कॅनव्हासचे बूट इतके झिजलेले की आई दर महिन्याला फेकायला निघते. ते फेकू देत नाहीत. तळपायाला जमीन कळली पाहिजे म्हणतात.

"नाही वळत," ते परत येऊन म्हणाले. "दिसतं वळल्यासारखं, डोंगरामुळं. इथं खाली नळी टाकलीय पाण्याची, मीच टाकली. जमीन दबलीय तिथं. सरळ मार."

"आबा, नक्की?"

"माझे डोळे गेले, पाय नाही गेले."

तिने सरळ मारला. चेंडू निघाला आणि मला वाटलं आता वळेल, आता वळेल. नाही वळला. भोकात पडल्याचा आवाज मला आला नाही, कारण तोवर आमच्या बिल्डिंगचे काका दोरीखालून आत घुसले होते आणि देवेश सर त्यांच्यामागे धावत होते.

लाल नऊ.

रेवतीचा बरोबरीचा पट अजून बाकी होता. आठ पावलं. मावशी डोंगराकडे तोंड करून उभी. मी डोळे मिटले. मग लोकांचा तो "अरेरे" आला, लांब, आणि मी डोळे उघडले तर रेवतीचा चेंडू भोकाच्या कडेला बसला होता. आत नाही.

रेवतीने मावशीला मिठी मारली. मावशीला तरीही कळेना. "काय झालं? काय झालं?" मग तिने स्वतःच बोर्डाची काठी माझ्या हातातून घेतली, पाटी वळवली आणि वाचली. तीनदा वाचली. आबांनी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "एकने, आबा." आबा तिथेच ग्रीनवर खाली बसले आणि गवतावर हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने तंबूत चहा मिळाला तेव्हा मी तिला विचारलं, "छोटी काठी काढली होतीस ना? मग परत का ठेवलीस? कुणी सांगितलं?"

"तू."

"मी? शपथ, मी एक शब्द..."

"सकाळी माझा चेंडू वाळूत गेला तेव्हा बोर्ड टेकवून उभी राहिलीस. टोपीखालून पाय दिसतात गं. नंतर सगळा दिवस तुझी खळखळ. जितकी मी जवळ येतेय तितकी खळखळ जास्त. पुढे असते किंवा बरोबर असते ना, तर अठराव्यावर तू त्या देवेश सरांच्या बापाचं ऐकलं नसतंस. आणि उभी राहिलीस खांबासारखी. म्हटलं, गेलो. मागे आहोत."

म्हणजे मी गप्प राहिले तरी बोललेच!

"आणि हात? हात नाही थरथरले?"

"थरथरले की. मोठ्या काठीला चालतं थोडं."

तेवढ्यात आईचा फोन आला, ती घरातून रडतच बोलत होती, मागे शेजारपाजारचा गलका. आईने एकच विचारलं, "अगं, पण उद्या सात वाजता शाळेत जायचंय त्याचं काय? मोठ्या बाईंना कोण सांगणार?"

मावशीने फोन माझ्या हातात दिला.

"ही सांगेल. पाच तास गप्प बसलीय."