आम्ही म्हणजे?

डोंगरावरच्या उद्यानात शिरताना माझं भाषण तोंडपाठ होतं, आणि सांगते, झकास होतं! शाळेला वादविवादाचा करंडक मी काही उगाच नाही आणून दिला. मुद्दा एकच: दहावी झाली की मला बाबाकडे राहायला जायचं होतं. तो वेगळा झाल्यापासून आई आणि मी मामाकडे राहतो. माझं अंथरूण हॉलमध्ये, आईच्या शिलाईमशीनला खेटून. मामी रोज सकाळी पंखा बंद करते आणि म्हणते, "उठा राणीसरकार, दरबार भरायचाय."

बाबा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. अधूनमधून मला फिरायला नेतो. या वेळी डोंगर त्यानेच निवडला आणि पहिल्याच चढाला त्याचा भाता सुरू झाला.

"जन्मभर लोकांना वर पोचवलं," तो झाडाला टेकत म्हणाला, "आणि माझ्यावर वेळ आली तर इथे बटणच नाही."

"ओव्हरलोड झालायस तू, बाबा. बेल वाजतेय, ऐक."

"गप गं, नकटे!"

काय जागा होती पण! खडकांवर रंगवलेले पिवळे बाण, खाली दरीभर ढगांची साय, आणि वारा असा की माझी वेणी बाबाच्याच तोंडावर. त्याचं चाललं होतं: आपण त्या कड्यापर्यंत जाऊ, आपण तिथे डबा खाऊ, येताना आपण तळ्याकडून उतरू. प्रत्येक 'आपण' ऐकून माझी छाती फुगत होती. नाही कसं म्हणेल हा?

कड्यावर कठड्याजवळ बसलो. मी घसा खाकरला. "बाबा, मला बोलायचंय."

"आधी माझं ऐक. गोड बातमी आहे. आम्ही घर घेतलं."

'आपण' म्हटलं की ऐकणारा घरात, 'आम्ही' म्हटलं की उंबऱ्याबाहेर. हे शिकवायला बाई लागत नाहीत.

"आम्ही म्हणजे?"

त्याने डब्याचं झाकण उगाचच पुन्हा लावलं. "म्हणजे मी आणि... माझ्याबरोबर काम करते ती. तुला सांगणारच होतो. तिची मुलगी आहे, तुझ्याच वयाची. आतली खोली तिला दिली, अभ्यासाला शांतता लागते ना तुमच्या वयात. तुमचं छान जमेल बघ! सुट्टीत येत जा. हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतोय, खास तुझ्यासाठी."

समोरच्या संघाची दाणादाण उडवणारी मी, माझं तोंडपाठ भाषण मनातच घडी घालून ठेवलं.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"बघ, मला वाटलंच होतं, माझी पोरगी समजूतदार आहे! तू काय सांगत होतीस?"

"काही नाही. शाळेची सहल जाणारे."

"कुठे?"

"डोंगरावर," मी ठोकून दिलं. तो मनापासून हसला.

मग आम्ही जेवलो. मी डबा संपवला. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

तळं इतकं निळं होतं की मला त्याचाच राग आला. बाबा शीळ घालत पुढे चालला होता. आता धाप नाही, काही नाही. मनावरचं ओझं उतरलं की माणूस भराभरा चालतो. ते कुणाच्या पाठीवर गेलं, मागे वळून बघत नाही. मी मुद्दाम हळू चालले. त्याच्या लक्षात आलं नाही.

फाटकाशी पोचल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी आपण समुद्रावर जाऊ या का?"

"तुम्ही जा."

तो थांबला. "अगं, मला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?"

"तुम्हा तिघांना म्हटलं."

"हात्तिच्या! मी घाबरलोच."

मी बसच्या दिशेने चालू लागले. "आणि तुम्हालाही, बाबा," मी म्हटलं.