हरणाबाईला न पटलेला शेवट

सांगलीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी हरणाबाईला महिनाभर चुलीपुढं बसायचं नाही, रानात जायचं नाही, वाकायचंही नाही असं बजावून घरी धाडलं. जन्मभर मेंढरांमागं आणि नंतर डाळिंबाच्या बागेत राबलेल्या बाईला रिकामं बसणं म्हणजे शिक्षाच. दोन दिवसांत तिनं घर डोक्यावर घेतलं. लष्करात असलेला लेक, अर्जुना, फोनवरून दम देऊन थकला. शेवटी सून माया आटपाडीच्या वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी घेऊन पुढ्यात बसली. "आत्या, रोज दुपारी वाचून दाखवते. गप ऐका."

माया रहिमतपूरची, वाचनाचं वेड असलेली. या कादंबरीची थोरवी ती शाळेपासून ऐकत आली होती. तिच्या तोडीची दुसरी झाली नाही म्हणे. गोष्ट एका यमुनेची. नवरा न सांगता निघून जातो, बारा वर्षं त्याचा पत्ता नसतो, आणि यमुना एकटीनं संसार ओढते.

हरणाबाईनं पहिल्या दिवसापासून लेखकाला धारेवर धरलं. "चांदण्यात बसून रडतीया? आन् शेरडांला पाला कुणी घातला?" यमुना उंबऱ्यात उभी राहून वाटेकडं बघते असं आलं, की ती काळ्या चष्म्याआडून फणकारायची, "बघ म्हणावं. बघून प्वाट भरतंय का बघ." पण दुपारचे दोन वाजले की हीच बाई हाका मारायची, "आगं, कुटं हायस? ती रडकी काय करतीया आज?"

बाहेर ओट्यावर तिचा नवरा बिरदेव भिंतीला टेकून बसलेला असायचा. ऐकतोय की पेंगतोय, ते कळायचं नाही. बिरदेवही असाच गेला होता. अर्जुना चार वर्षांचा असताना तो लांब दक्षिणेत, सेलमला गलाईच्या दुकानात, सोनं आटवायच्या कामाला म्हणून गेला. सहा महिने पत्रं आली, मग बंद. नऊ वर्षांनी एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. हरणाबाईनं त्याला आठ दिवस ओट्यावर ठेवलं, नवव्या दिवशी आत घेतलं. त्याला आता सतरा वर्षं झाली, पण त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही. मायाला लग्नानंतर शेजारणीकडून हे कळलं होतं. पुस्तक निवडताना मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. निम्म्यात गेल्यावर आलं, आणि तेव्हा हरणाबाई थांबू देईना.

अठराव्या दिवशी शेवट आला. यमुनेचा नवरा परत येतो. ती पाणी तापवते, ताट वाढते, त्याच्या भाकरीवरची माशी हाकलते. पण इतकी वर्षं कुठं होतास, हे ती शेवटच्या ओळीपर्यंत विचारत नाही. पुस्तक मिटून माया ओढणीनं डोळे पुसू लागली.

"संपलं?" हरणाबाईनं विचारलं.

"संपलं, आत्या."

"आन् इचारलंच न्हाई?"

"तेच तर मोठेपण आहे. ती बोलत नाही, त्यातच सगळं आलं असं म्हणतात."

"डोंबलाचं मोठेपण! सहाशे पानं माझं डोस्कं खाल्लं, आन् ऐन येळंला बाईची वाचा बसली. मी असते तर पयलं इचारलं असतं, कुटं शेण खात हुतास. लिवणारा गडीमाणूस ना? गड्याला गप बसल्याली बाई लय ग्वाड वाटती."

"तू तरी कुटं इचारलंस?" ओट्यावरून आवाज आला.

माया जागच्या जागी अंग चोरून बसली. हरणाबाईच्या मनात एक बाई होती. गोरी, अंबाड्यात मोगऱ्याचा भरगच्च गजरा, सेलमच्या कुठल्याशा गल्लीत राहणारी. सव्वीस वर्षं हरणाबाईनं तिला कुणालाही न सांगता मनात वागवलं होतं आणि तिचं नाव ऐकायला लागू नये म्हणूनच तोंड मिटून घेतलं होतं. आता ती उठली, भिंत धरत ओट्यावर गेली.

"मग आता इचारते. कोण हुती ती?"

"कोण?"

"ती तितली. सेलमची."

"कुणी नव्हती."

"मग आला का न्हाईसा?"

बिरदेवनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मेंढरांचा कटाळा आलता."

"काय?"

"चालायचा. रोज नवं रान, रोज नवी भांडणं. तितं एका जागी बसायचं काम हुतं. वाटलं, अजून म्हैनाभर ऱ्हावं. मग लिवायची लाज वाटाय लागली. मग ऱ्हायलोच."

"मेंढरांचा कटाळा!" हरणाबाईचा आवाज चिरकला. "आन् ती मेंढरं माझ्या गळ्यात घालून गेलासा. मला नव्हता व्हय कटाळा? सव्वीस वर्सं मी नसल्याल्या बाईच्या नावानं बोटं मोडली. आवं, एखादी बाई तरी असायची हुती!"

ती आत येऊन धपकन बसली. मायानं पाणी दिलं, ते तिनं बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्या लिवणाऱ्याला ठावं असंल."

"काय?"

"इचारलं तर काय निगतं ते. म्हणून ठिवली आसंल तिला गप." तिनं नाक मुरडलं. "तरीबी बावळटच हाय ती."

पण एकदा विचारायला सुरुवात झाल्यावर हरणाबाईला थांबता येईना. सेलमला पाऊस कसा, निजायचं कुठं, बिरोबाच्या जत्रेदिवशी काय करायचा, असं ती परत ओट्यावर जाऊन दिवस मावळेपर्यंत विचारत राहिली. बिरदेव दोन शब्दांत उत्तरं देत होता.

"आन् जेवायला कोण घालायचं?"

"मीच करायचो. दुकानातल्या सात गड्यांचं."

हरणाबाईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. "तुमाला सैपाक येतो? आन् सतरा वर्सं बसून खातायसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव चुलीपुढं होता. त्यानं भात टाकला, मूठभर डाळ शिजवली, चिंच कोळली, मिरी कुटली आणि तिकडच्यासारखं पातळ सार केलं. मायानं दोनदा मागून घेतलं. हरणाबाईनं वाटी तोंडाला लावली, घोट फिरवून गिळला.

"नुसतं पाणी हाय," ती सुनेला म्हणाली. "सांग त्यास्नी, उद्या डाळ जरा जास्त घाला म्हणावं."