मास्तरांची टेप

चाळीस वर्षं कोट कापलेल्या माणसाला घरी बसवायचं, तर निदान कारण तरी दमदार हवं. मास्तरांच्या मुलाकडे तीन कारणं होती आणि तिन्ही हँगरला लटकत होती. तीन गिऱ्हाइकांचे तीन कोट, तिन्ही ढगळ.

"बाबा, मापं मी स्वतः घेतलीत. चूक कापण्यातच आहे. तुमचा हात आता हलतो," मुलगा म्हणाला आणि आपला जुना कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. "आराम करा. फोटो काढा."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पैज लावली.

"वर्षभर दर रविवारी तळ्याकाठच्या त्या वाकड्या झाडाचा फोटो काढतो. जागा तीच, चौकट तीच. वर्षाने सगळे फोटो एकावर एक ठेवून झरझर उलटायचे. माझा हात हलत असेल, तर फोटोत झाडही हलेल. झाड तसूभरही हललं नाही, तर कात्री माझी."

"आणि हललं तर?"

"तर कात्रीचं नाव काढणार नाही."

तळ्याचा रखवालदार मोठा नियमाचा माणूस. जमिनीत खुंटी ठोकायची नाही, खडूने खूण करायची नाही, दगड हलवायचा नाही. मास्तरांचं काही अडलं नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढली, बुंध्यापासून पुलाच्या खांबाच्या रोखाने दहा वेळा टाकली आणि तिथे कॅमेऱ्याची तिकाटी उभी केली. दर रविवारी हेच. चिखलात टेप ओढायची, ओल्या गवतावर ताणायची, मग पिळून पुन्हा गळ्यात.

पानं पिवळी झाली, गळाली. धुक्यात झाड नुसतं अंदाजाने टिपावं लागलं. मग कोंब फुटले, बदकांना पिल्लं झाली, पाणी आटून काठाला भेगा पडल्या आणि परत भरलं. मास्तर मात्र त्या झाडावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. एकदा ऐन चौकटीत बगळा येऊन उभा राहिला, तर त्यालाच दटावलं, "सरळ उभा राहा, माप बिघडेल!" खरं सांगायचं तर त्यांना मजा येऊ लागली होती. पण ही गोष्ट त्यांनी घरी कोणाला सांगितली नाही.

वर्ष भरलं. दुकानातल्या कापायच्या टेबलावर बावन्न फोटोंचा गठ्ठा आला. शिलाई मशीन थांबवून सूनही उठली. मास्तरांनी अंगठ्याने फोटो उलटले.

झाड मागे मागे गेलं. गुपचूप, एका चालीत, पाहुणा निरोप घेऊन निघावा तसं.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "हरलो," ते म्हणाले. "हात गेलाच म्हणायचा माझा."

सुनेने गठ्ठा घेऊन पुन्हा उलटला. "मामंजी, थरथरणारा हात इकडेतिकडे जाईल. हे झाड तर एकाच दिशेने चाललंय. अंतर कशाने मोजलंत?"

"ह्याने." मास्तरांनी गळ्यातली टेप अभिमानाने काढली. "पहिल्या पगाराची आहे."

सुनेने ती नवऱ्याच्या नव्या टेपशेजारी एकाच खिळ्याला अडकवली. मास्तरांची टेप दोन इंच खाली लोंबली.

मुलाने दोन्ही टेपांचे आकडे जुळवून पाहिले; जुनीचा प्रत्येक इंच ताणून मोठा झाला होता. माप तो नव्या टेपने घ्यायचा आणि बाबा कापायचे जुन्या टेपने. पूर्वी दोन्ही कामं बाबाच एका टेपने करायचे, तेव्हा चूक चुकीतच जिरून जायची. कोट ढगळ झाले ते त्याने मापाचं काम आपल्याकडे घेतल्यापासून.

"बाबा," त्याचा आवाज खाली आला. "वर्षभर मी तुमच्या हाताला नावं ठेवली. हात सरळच होता."

मास्तरांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवलेही नाहीत. "पण पैज हरलोय. झाड हललं."

"झाड कुठे हललं? टेप वाढली." मुलाने नवी टेप त्यांच्या गळ्यात घातली आणि कात्री पुढे सरकवली. "उद्या सोमवार. दोन कोट कापायचेत. याल ना?"

मास्तरांनी कात्री उचलून बोटांत बसवली, एकदा हवेतच चालवून पाहिली.

"येईन. पण रविवारी दुकान तू सांभाळायचंस," ते म्हणाले. "ते बावन्न फोटो मला परत काढायचेत."