साडेअठ्ठ्याण्णव

पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा नर्सांचाच अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा मला आधी हसू आलं. १९३३ साल होतं. सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात आम्ही अकरा जणी. किती तास उभ्या असतो, काय खातो, कधी झोपतो, सगळं त्यांना हवं होतं. जन्म गेला रोग्यांची लघवी मोजण्यात, पण आमच्या जिवाची विचारपूस कुणी केली नव्हती.

"राजाबाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या," बाई मला म्हणाल्या. "महिनाभर रोज दुपारी चार वाजता प्रत्येकीचा ताप बघा आणि तक्त्यात मांडा. कशासाठी ते विचारू नका. कारण कळलं की माणसं खरं सांगत नाहीत."

तिसऱ्याच दिवशी दाक्षायणीचा पारा शंभरावर गेला. दुपारचा बारीक ताप आणि खोकला म्हणजे क्षय, हे नर्सला सांगावं लागत नाही. ही अक्कलकोटकडची पोर, बाराव्या वर्षी विधवा झालेली. सख्खा भाऊ तिला दारात उभं करत नव्हता.

"अक्का, साडेअठ्ठ्याण्णव लिवा की," ती म्हणाली. "चिमाबाईचं काय झालं, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. आदल्या वर्षी चिमाबाई अशीच खोकायला लागली, तर मोठ्या डॉक्टरांनी तिची नोकरी सोडवून तिला कुंभारीला घरी धाडलं. तिथून तिच्या मरणाचीच बातमी आली. दाक्षायणीला तर तेवढंही घर नव्हतं, ती दवाखान्यातच राहायची.

मी साडेअठ्ठ्याण्णव लिहिलं. रोग्याच्या तक्त्यात अर्ध्या डिग्रीची चूक झाली म्हणून मी नव्या पोरींना रडवलेलं आहे. आणि इथे महिना संपेपर्यंत रोज खोटं मांडत गेले. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, की पोरीचं छप्पर वाचवलं. मोठी शहाणी मी!

दोन महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतल्या ताप असलेल्या नर्सांसाठी त्यांनी मिरजेकडच्या एका आरोग्यधामात सहा खाटा मिळवल्या होत्या, नोकरी राखून. आमच्या नागव्वाला एक मिळाली. तिचं घर गावातच, शुक्रवार पेठेत, तिला लपवायची गरज नव्हती. तिचा ताप मी खरा लिहिला होता. 'बाकी दहा जणी निरोगी निघाल्या, आनंद वाटला,' असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं.

त्याच दिवशी मी सगळं कबूल करून पत्र टाकलं. उत्तर आलं, खाटा भरल्या आहेत, सहा महिने थांबावं लागेल. तोवर दाक्षायणीला खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं. मोठे डॉक्टर तिला घालवायला निघाले, तर मी त्यांच्या टेबलासमोरून हललेच नाही. शेवटी वैतागून त्यांनी मागची खोली दिली.

तिथे मी तिला त्या खाटेचं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेले होते. त्या मला हव्याच होत्या. 

"तुमाला काय ठावं असनार, अक्का," ती म्हणाली. मग माझा हात ओढून तिनं आपल्या तापलेल्या गालाखाली घेतला. "मला ठिवून घेनारं मानूस जल्मात तुमीच येकलं भेटलासा."